सामाईक हवा : उरणमधील भाड्याच्या इमारती आणि धूरमुक्तीचा नियम

उरण तालुक्याला धूम्रपानबंदी नवी नाही. ती कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबली आहे, एवढेच. मुंबई हायच्या तेल-वायूवर प्रक्रिया करणारा तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प असो, भारत पेट्रोलियमचा गॅस सिलिंडर भरण्याचा कारखाना असो किंवा करंजाचे नौदलाचे शस्त्रागार असो, अशा ठिकाणी पाळीवर जाणारा कामगार खिशातली काडेपेटी आणि लायटर बाहेर ठेवून आत शिरतो आणि पाळी संपेपर्यंत विडी-सिगारेटचे नाव काढत नाही. पेट्रोलियम नियम, २००२ यांनी ज्वालाग्राही साठ्याच्या आवारात धूम्रपानालाही मनाई केली आहे आणि काडेपेटी बाळगण्यालाही. या मनाईला स्वातंत्र्यावरचा घाला असे सहसा कुणी म्हणत नाही, कारण नियम ओढणाऱ्याच्या चालीरीतींविषयी काही बोलत नाही, तो त्या आवारातील हवेविषयी बोलतो, आणि ती हवा धोक्याची आहे हे फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सर्वांना मान्य असते. तोच कामगार संध्याकाळी द्रोणागिरीतल्या, बोकडविऱ्यातल्या किंवा उरण शहरातल्या भाड्याच्या खोलीवर परततो, तेव्हा भिंतीपलीकडे तान्हे मूल असते, वरच्या मजल्यावर दम्याचा रोगी असतो, आणि तिथली हवा मात्र कुणाच्याच अखत्यारीत नसते. भाड्याच्या निवासी इमारतींत धूरमुक्तीचा नियम कसा करावा, तो कोणत्या कायद्याच्या आधारावर टिकेल आणि तो करताना कोणता अन्याय टाळला पाहिजे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम संज्ञेचा अर्थ निश्चित करणे इष्ट होईल. ज्या इमारतीच्या खोल्या, न्हाणीघरे, गॅलऱ्या, जिने, लिफ्ट, गच्ची आणि तळमजल्यावरचे पार्किंग यांपैकी कोठेही विडी, सिगारेट, चिलीम, हुक्का किंवा पेटवून ओढायचा तत्सम कोणताही पदार्थ ओढला जात नाही, ती धूरमुक्त इमारत होय. या व्याख्येत रहिवाशाने धूम्रपान सोडले पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही. तो ओढणारा असू शकतो, टपरीशी उभा राहून ओढू शकतो. त्याला खोली भाड्याने मिळण्यास त्यामुळे बाध येत नाही. तंबाखू मळून खाणारा, मशेरी लावणारा किंवा २०१२ पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा तोंडात धरणारा मनुष्यही या व्याख्येच्या बाहेर राहतो. जिन्याच्या वळणावर पिचकाऱ्या पडू नयेत म्हणून देवादिकांची चित्रे असलेल्या फरश्या बसवाव्या लागतात, अशा राज्यात हा वगळलेला भाग लहान नाही. परंतु थुंकीने भिंत विटते, धुराने शेजाऱ्याचे फुप्फुस विटते, आणि दोन्ही उपद्रव एकाच नियमाच्या दावणीला बांधले की दोहोंपैकी एकही नीट आवरत नाही, असा अनुभव पाट्या लावणाऱ्या संस्थांना आहेच.

महाराष्ट्रात धुरापेक्षा चघळण्याचे प्रस्थ किती मोठे आहे, हे जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ सालच्या दुसऱ्या फेरीत दिसून आले. राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते, त्यांत धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के होते आणि ओढणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजे धूरमुक्तीचा नियम केला तर शंभरांतील सुमारे चार प्रौढांना घराबाहेर जाऊन विडी पेटवावी लागेल, एवढाच त्याचा भार आहे. याच सर्वेक्षणातील देशभराचे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते : ओढणारे प्रौढ १०.७ टक्के, तर घरात दुसऱ्याचा धूर श्वासात घ्यावा लागणारे ३८.७ टक्के. एक माणूस ओढतो आणि त्याचा धूर साडेतीन माणसांच्या वाट्याला जातो, असा या दोन आकड्यांचा ढोबळ हिशेब मांडता येईल. ढोबळ अशासाठी की, घराघरांतील माणसांची संख्या सारखी नसते आणि सर्वेक्षणात मुलांची मोजणी नव्हती.

पेटलेल्या विडीतून धूर दोन वाटांनी बाहेर पडतो. ओढणाऱ्याच्या छातीत जाऊन परत येणारा धूर ही पहिली वाट. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात पेटत्या टोकावरून सरळ हवेत मिसळणारा धूर ही दुसरी. या दुसऱ्या धुराला बाजूचा धूर म्हणता येईल. तो कमी तापमानावर अर्धवट जळालेल्या तंबाखूचा असल्यामुळे त्यात अनेक विषारी द्रव्यांचे प्रमाण पहिल्यापेक्षा जास्त भरते. हे मिश्रण न ओढणाऱ्याच्या श्वासात जाते, तेव्हा त्याला परोक्ष धूम्रपान म्हणतात. तिसरा एक प्रकार अलीकडे अभ्यासकांच्या नजरेत आला असून त्याला शिळा धूर हे नाव चपखल बसेल. निकोटिनचा पातळ थर भिंती, पडदे, गाद्या आणि लाकडी कपाटे यांवर साचतो आणि घरातल्या हवेतील नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन नायट्रोसामाइन वर्गातील कर्ककारक द्रव्ये तयार होतात, असे २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. भाड्याच्या घराच्या दृष्टीने हा शिळा धूर विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण आधीचा भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याचा थर मागे उरतो आणि नव्या भाडेकरूच्या रांगत्या मुलाच्या हातांना लागतो. खिळ्यांची भोके आणि फुटलेला नळ अनामत रकमेतून वळते करणाऱ्या हिशेबात त्याची नोंद कधी होत नाही.

परोक्ष धूम्रपानाच्या अपायाविषयी शंका घेण्याचा काळ आता मागे पडला आहे. जपानचे ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे माहिती ठेवून, ज्यांचे पती अतिशय धूम्रपान करीत त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, असा निष्कर्ष १९८१ मध्ये मांडला. सिगारेट कंपन्यांनी त्यावर पुष्कळ धूळ उडवली, पण निष्कर्ष टिकला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने पुढचे पाऊल टाकून, परोक्ष धुराची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही आणि ओढणाऱ्यांना वेगळ्या खोलीत बसवल्याने, हवा गाळल्याने किंवा वायुवीजन वाढवल्याने इमारतीतील इतरांचे पुरते संरक्षण होत नाही, असे स्पष्ट सांगितले. २००४ या एका वर्षात जगभर परोक्ष धुराने ६ लाख ३ हजार मृत्यू झाले आणि त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक मुले होती, असा अंदाज २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केला. गेलेल्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, ही गोष्ट घराच्या संदर्भात विसरून चालणार नाही, कारण दुपारच्या वेळी घरात असतात त्या बहुधा स्त्रिया आणि मुलेच.

धूर एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हे समजण्यासाठी उरण-द्रोणागिरीतील एखाद्या चार मजली इमारतीची रचना डोळ्यांसमोर आणावी. न्हाणीघरांच्या लहान खिडक्या एका अरुंद उभ्या पोकळीत उघडतात, तिला रोजच्या बोलण्यात डक्ट म्हणतात. तिच्यात सांडपाण्याचे नळ, केबलच्या वायरी, कबुतरांची घरटी आणि वरून पडलेले कपड्यांचे चिमटे असतात. पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू घरच्यांपासून लपून संडासात सिगारेट ओढतो आणि एक्झॉस्ट फॅन लावतो. त्याच्या समजुतीप्रमाणे धूर बाहेर गेलेला असतो. प्रत्यक्षात तो डक्टमध्ये गेलेला असतो, आणि उबदार हवा वर चढते या साध्या नियमाने तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या उघड्या झडपांतून न्हाणीघरात, तिथून पुढे स्वयंपाकघरात उतरतो. जिना हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करतो. गॅलरीत ओढणाऱ्याचा युक्तिवाद उघड्यावर ओढल्याचा असतो, पण उरणच्या किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. त्यामुळे पश्चिमेकडच्या गॅलरीतला दुपारचा धूर वारा पुन्हा घरातच ढकलतो आणि रात्री जेवणानंतर पूर्वेकडच्या गॅलरीत ओढलेल्या विडीची तीच गत होते. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले हे दोन वारे धूम्रपानाच्या वादात कुणी साक्षीला बोलावलेले दिसत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने तर खिडक्या बंदच असतात आणि घरातली हवा घरातच फिरत राहते.

यावर एक हरकत येते, आणि ती फुटकळ नाही. ज्या तालुक्याच्या रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग दिवसरात्र लागलेली असते, भरावाची धूळ उडत असते, वायुविद्युत केंद्र आणि तेलप्रकल्प शेजारी उभे असतात, तिथे एका विडीच्या धुराने असे काय बिघडणार आहे? या हरकतीला उत्तर असे की, बाहेरचा धूर रस्त्यावर पातळ होतो आणि विडीचा धूर दहा बाय बाराच्या खोलीत साठतो. शिवाय ट्रेलरांचा बंदोबस्त करणे रहिवाशाच्या हाती नाही, जिन्याचा आहे. मात्र हेच उत्तर प्रामाणिकपणे पुढे नेले तर ते डासांच्या कॉइलपाशी येऊन थबकते. कांदळवने, मिठागरे आणि अर्धवट बुजवलेल्या खाजणांनी वेढलेल्या या भागात संध्याकाळी कॉइल पेटत नाही असे घर शोधावे लागेल, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना जे सूक्ष्म कण सोडते त्यांचे प्रमाण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरते. त्यात निकोटिन नसते आणि तुलना फक्त कणांपुरती आहे, हे खरे. तरीही स्वतःच्या खोलीत कॉइल जाळून शेजाऱ्याच्या सिगारेटीवर तक्रार लिहिणाऱ्याने क्षणभर थांबावे, इतका तो आकडा मोठा आहे. कॉइलवर बंदी घालावी असे येथे सुचवायचे नाही. खिडक्यांना जाळ्या बसवण्याचा खर्च घरमालकाने सोसावा आणि मगच धूरमुक्तीची भाषा करावी, इतके मात्र सुचवायचे आहे.

उरणमधील घरमालक कोण, हे जाणून घेतल्याशिवाय नियमाची चर्चा अधांतरी राहील. मुंबईत घरमालक म्हटले की पागडीच्या चाळीचा मालक किंवा गुंतवणूक म्हणून सदनिका घेतलेला नोकरदार आठवतो. उरणमध्ये तो पुष्कळदा प्रकल्पग्रस्त असतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या भूमिपुत्रांच्या लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे फलित म्हणून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, कंटेनर साठवणुकीची आवारे वाढली, आणि भातशेती व मासेमारी गेलेल्या आगरी-कोळी कुटुंबांनी गावठाणात जुन्या घराशेजारी चार-सहा खोल्या काढून त्या चालक, क्लीनर, सुरक्षारक्षक आणि कंत्राटी कामगार यांना भाड्याने देण्यास आरंभ केला. ज्यांना भूखंड मिळाले त्यांनी ते विकासकाला देऊन मोबदल्यात मिळालेल्या सदनिका भाड्याने लावल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण रेल्वे आणि अटल सेतू एकाच दिवशी खुले झाल्यावर या भाडेकरूंत मुंबई-बेलापूरला कामावर जाणाऱ्या कुटुंबांचीही भर पडू लागली. म्हणजे येथे एका बाजूला शेत गमावून भाड्यावर जगणारा मालक आहे आणि दुसऱ्या बाजूला गाव सोडून आलेला भाडेकरू आहे. नियमाचा मसुदा करणाऱ्याने यांपैकी कुणालाही बडा आसामी समजून चालू नये.

आता कायद्याकडे वळता येईल. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा तत्कालीन भारतीय दंडविधानातील सार्वजनिक उपद्रव ठरतो आणि न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काला, म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाला, बाध आणतो, असा निर्णय दिला. मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश झाला आणि रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये, सभागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानाला देशभर मनाई झाली. पुढे संसदेने २००३ मध्ये सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने कायदा केला, त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक जागेतील धूम्रपान निषिद्ध ठरले आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सविस्तर नियम अमलात आले. उल्लंघनाचा दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे. किमान ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच पांढरी पाटी प्रवेशद्वाराशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या तोंडाशी लावावी, तसेच राखपात्र, काडेपेटी अशी धूम्रपानाला सोयीची साधने तिथे ठेवू नयेत, इतक्या बारकाव्याने हे नियम लिहिलेले आहेत.

हा सारा बारकावा निवासी इमारतीच्या उंबऱ्याशी संपतो. कायद्यातील ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जिथे जनतेला हक्काने वा अन्यथा प्रवेश असतो ती जागा. तिच्या उदाहरणांत उपाहारगृह आहे, प्रतीक्षालय आहे, पण राहते घर नाही. भाजीवाला, टपालवाला, गॅसवाला आणि पाहुणे ज्या जिन्यावरून रोज चढतात तो जिना सार्वजनिक जागा धरावा, असा अर्थ लावता येतो आणि तसा लावणे रास्तही होईल. परंतु खोलीच्या आत कायदा शिरत नाही, आणि शिरावा अशी मागणी करणेही शहाणपणाचे नाही. पोलिसाने दोनशे रुपयांच्या दंडासाठी भाडेकरूचे दार ठोठवावे, ही कल्पना उरणसारख्या ठिकाणी, जिथे परप्रांतीय कामगाराला कागदपत्रांच्या चौकशीची धास्ती आधीच असते, धुरापेक्षा घातक ठरेल. म्हणून उंबऱ्याच्या आतला नियम शासनाकडून येण्यापेक्षा करारातून आला पाहिजे.

करारातून येण्याच्या वाटा दोन आहेत. जिथे सहकारी गृहनिर्माण संस्था आहे तिथे उपविधी, म्हणजे संस्थेने स्वतःसाठी केलेले आणि निबंधकाने नोंदवलेले नियम, हे साधन आहे. इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असे काहीही सभासदाने आपल्या सदनिकेत करू नये, ही तरतूद आदर्श उपविधींत आधीपासून आहे. तिच्यावर विसंबण्यापेक्षा सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने स्वतंत्र उपविधी संमत करून तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली निबंधकाकडे नोंदवून घेणे अधिक भक्कम. या उपविधीचा आधार घेऊन भाड्याने दिलेल्या सदनिकांवर जादा आकारणी करण्याचा मोह काही कार्यकारिणींना होईल. त्यांनी ध्यानात ठेवावे की, बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो तेव्हा संस्था घेते ते शुल्क, शासनाने २००१ मध्येच सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांत बांधून टाकले आहे आणि धुराच्या निमित्ताने ती मर्यादा ओलांडता येत नाही.

गावठाणातल्या एकमालकी इमारतीत मात्र ना संस्था असते ना सभा. तिथे भाडेकरार हेच एकमेव साधन आहे. आज प्रचलित असलेला करार बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ प्रकारचा असतो. त्यात जागेवर भाडेहक्क निर्माण होत नाही, ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी तेवढी मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमाने असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले असून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे; नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी खरे धरले जाते. ‘खोलीत विडी ओढायची नाही, हे मी तोंडी सांगितले होते’ या मालकाच्या वाक्याला म्हणूनच काही किंमत उरत नाही. नोंदणीचे चार पैसे वाचवण्यासाठी साध्या कागदावर सह्या घेण्याचा प्रघात जोवर चालू आहे, तोवर धूरमुक्तीची अट आणि शाळेच्या फळ्यावरचा सुविचार यांत फारसे अंतर नाही.

अटीचे शब्द थोडके आणि सर्वांना सारखे असावेत. ‘या खोलीत, गॅलरीत व इमारतीच्या सामाईक भागात मालक, भाडेकरू, त्यांचे कुटुंबीय व पाहुणे यांपैकी कुणीही विडी, सिगारेट, हुक्का किंवा तत्सम पदार्थ ओढणार नाही, ही अट इमारतीतील मालकासह सर्व रहिवाशांना लागू आहे’ एवढा मजकूर पुरेसा आहे. त्यातला ‘मालकासह’ हा शब्द शोभेसाठी घातलेला नाही. तळमजल्यावरच्या ओट्यावर संध्याकाळी मालक विडी पेटवून बसत असेल, तर वरच्या खोल्यांकडून त्याने काय अपेक्षा करावी? ओट्यावरचा धूर जिन्यात जायला काही मिनिटेही लागत नाहीत. ‘धूम्रपान करणाऱ्यास खोली मिळणार नाही’ अशी अट घालणेही चुकीचे, कारण ती धुराकडून माणसाकडे वळते. अट मोडली तर आधी लेखी समज, मग मुदतवाढ नाकारणे, असा क्रम असावा. पाणी किंवा वीज तोडून धडा शिकवण्याची जी रीत काही ठिकाणी आढळते, तिला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या २९ व्या कलमाने मनाई केली आहे. रानसई धरणाचे पाणी उन्हाळ्यात पुरवून वापरणाऱ्या गावांत नळ बंद करणे ही शिक्षा किती क्रूर आहे, हे कलम न वाचताही कळते.

परदेशांतील अनुभवांपैकी तीन येथे उपयोगी पडतील. कॅलिफोर्नियातील बेलमाँट या लहान नगराने २००७ मध्ये सामाईक जमीन वा छत असलेल्या घरांत धूम्रपानबंदीचा ठराव केला आणि त्याची नक्कल पुष्कळ नगरांनी केली. त्याहून मोठी घटना म्हणजे अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये केलेला नियम. सरकारी मालकीची जी घरे अल्प उत्पन्न गटाला भाड्याने दिली जातात, ती सर्व, आणि त्यांच्या भोवतालचा पंचवीस फुटांपर्यंतचा परिसर, ३० जुलै २०१८ पर्यंत धूरमुक्त करण्याचे बंधन त्याने घातले. अशा घरांवर धूम्रपानबंदी केल्यास उपचार, रंगरंगोटी-दुरुस्ती आणि आगी यांवरचा मिळून वर्षाला सुमारे १५ कोटी ३० लाख डॉलर खर्च वाचेल, असा हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला होता. त्यात दुरुस्तीचाच वाटा ४ कोटी ३० लाखांचा होता. आरोग्याच्या गोष्टीने न हलणारा घरमालक रंगाच्या खर्चाने हलतो, हे तिकडेही खरे असावे. परंतु त्या नियमावर झालेली टीकाही तितकीच ध्यानात घेण्याजोगी आहे. श्रीमंताच्या स्वतःच्या घराला जो नियम नाही तो गरिबाच्या भाड्याच्या घराला का, आणि चौथ्या मजल्यावरच्या अपंग वृद्धाने एका सिगारेटसाठी पंचवीस फूट दूर कसे जावे, हे प्रश्न तेथे विचारले गेले. सिंगापूरने मधला मार्ग घेतला असून तेथे सरकारी गृहसंकुलांच्या सामाईक मार्गिका व जिने २०१३ पासून धूम्रपानाला बंद आहेत, घराच्या आत मात्र मोकळीक आहे. डक्टचा विचार केला तर हा मधला मार्ग अपुरा आहे. गरिबाच्या बाजूने पाहिले तर तो अधिक सौम्य आहे.

उरणच्या बाबतीत याहून नाजूक असा एक मुद्दा आहे आणि तो धुराचा नसून वासाचा आहे. गृहनिर्माण संस्थांत उपद्रव या शब्दाचा अर्थ अतिशय लवचीक असतो; ज्याला जे आवडत नाही ते उपद्रव ठरते. ज्या किनाऱ्यावर बोंबील वलांडीवर वाळतात, सुकटीचे कालवण शिजते आणि करंजा-मोऱ्याच्या कोळीवाड्यांतून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन येणारी बाई इमारतीच्या दारात बसते, तिथे नव्याने राहायला आलेल्यांना हा वास सोसवत नाही असे होऊ शकते. धूरमुक्तीचा नियम शेजाऱ्याच्या नावडीवर उभा केला, तर त्याच न्यायाने उद्या सुकटीवर ठराव येईल, आणि जमीन देऊन बसलेल्या भूमिपुत्राला स्वतःच्या गावात तव्यावर काय भाजावे हे विचारावे लागेल. म्हणून नियमाच्या मसुद्यात ‘वास’ हा शब्दच येऊ देऊ नये. सुकटीचा वास अप्रिय वाटू शकतो, त्याने फुप्फुसाचा कर्करोग होत नाही. विडीचा धूर एखाद्याला सुगंधी वाटला तरी त्याचा अपाय कमी होत नाही. नियमाचा आधार शरीराला होणारा अपाय हाच असला पाहिजे, आणि तो ज्याने मान्य केला त्याला एकटे पुरुष, विशिष्ट प्रांताचे लोक किंवा विशिष्ट जातीधर्माचे लोक यांना खोली नाकारण्यासाठी धुराची सबब पुढे करता येणार नाही.

ओढणाऱ्यासाठी बाहेर जागा ठेवणे हाही नियमाचाच भाग समजावा. पावसात छत्री धरून रस्त्यावर उभे राहण्याची पाळी आली की माणूस पुन्हा संडासाकडे आणि डक्टकडे वळतो. इमारतीपासून पुरेसे दूर, कुणाच्या खिडकीखाली येणार नाही असे, पत्र्याचे छप्पर आणि वाळू घातलेला डबा असलेले एखादे ठिकाण करायला फार खर्च येत नाही. कंटेनर आवारांतून निघालेल्या पत्र्यांना या तालुक्यात तोटा नाही. रात्रपाळीहून पहाटे परतणाऱ्या चालकाला झोपण्यापूर्वीची विडी हवीच असते, आणि त्याची सोय न करता त्याच्यावर अट लादणारा मालक स्वतःलाच फसवत असतो.

चालू करारांच्या मध्येच नवी अट घालता येत नाही आणि घालूही नये; ज्याने जुन्या अटींवर खोली घेतली त्याला तिच्या मुदतीपर्यंत तशीच वापरू दिली पाहिजे. येथे महाराष्ट्रातली एक जुनी खोड उपयोगी पडते. अकरा महिन्यांचा करार करण्याची रूढी नोंदणी अधिनियम, १९०८ मुळे आली, कारण वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती आणि ती टाळण्यासाठी मुदत एक महिन्याने आखूड करण्यात येई. आता मुदत कितीही असली तरी नोंदणी अटळ आहे. कारण गेले, रूढी राहिली. दर अकरा महिन्यांनी भाडेवाढ, दलालाचे कमिशन आणि सामानाची हलवाहलव सोसावी लागणाऱ्या भाडेकरूंनी तिच्या नावाने बोटे मोडली आहेत. तिचा एवढाच लाभ की, आठ खोल्यांच्या इमारतीत दिवाळीपासून नव्या वा नूतनीकृत करारांत ही अट घालण्यास सुरुवात केली, तर पुढच्या दिवाळीपूर्वीच आठही करार बदललेले असतील, कुणालाही मध्येच खोली सोडावी लागलेली नसेल, आणि मधल्या पावसाळ्यात खिडक्या बंद होतील तेव्हा निम्म्याहून अधिक खोल्यांचा धूर डक्टमध्ये यायचा थांबलेला असेल.